सगळ्यांना गिगाबिट देण्याआधी आठवडाभर मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे आर्थिक वर्ष सुरू झाले की नागपुरातल्या अनेक कार्यालयांत एक प्रस्ताव हमखास टेबलावर येतो : ‘नेट स्लो आहे, सगळ्यांचा स्पीड वाढवा.’ सिव्हिल लाइन्समधले कार्यालय असो, धरमपेठेतली सीए फर्म असो की हिंगणा एमआयडीसीतला कारखाना, कोटेशन साधारण एकाच साच्याचे असते. सगळे नेटवर्क स्विच (संगणकांच्या केबल एकत्र जोडणारे डबे) नवे, सगळी केबल नवी, इंटरनेटचा प्लॅन दुप्पट. खर्च होतो आणि महिना-दोन महिन्यांत तीच तक्रार पुन्हा सुरू होते. हा खर्च वाचवता येतो, निदान योग्य जागी लावता येतो. त्यासाठी हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे.

‘स्पीड’ या एका शब्दात आपण पाच वेगळ्या गोष्टी कोंबतो. टेबलावरच्या संगणकापासून जवळच्या स्विचपर्यंतचा वेग, स्विचपासून सर्व्हर रूमपर्यंतचा वेग, सर्व्हरच्या डिस्कचा वेग, इमारतीबाहेर जाणाऱ्या इंटरनेटचा वेग आणि वायफायचा वेग. तक्रार करणाऱ्याला या पाचही ठिकाणी एकच अनुभव येतो, गोल फिरणारे चक्र. त्यामुळे ‘सगळ्यांचा स्पीड वाढवायचा का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. अडते कुठे, हे आधी शोधावे लागते.

एककांचा गोंधळ सुरुवातीलाच मिटवलेला बरा. नेटवर्कचा वेग सेकंदाला किती मेगाबिट असा सांगतात (१००० मेगाबिट म्हणजे एक गिगाबिट), फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. १०० मेगाबिटच्या पोर्टवरून (केबल लावायच्या खाचेतून) प्रत्यक्षात सेकंदाला ११ ते १२ मेगाबाइट जातात, गिगाबिट पोर्टवरून ११० ते ११८. म्हणजे २ जीबीची एक फाइल जुन्या पोर्टवरून जायला जवळपास तीन मिनिटे लागतात, गिगाबिटवर अठरा-वीस सेकंद. हा फरक मोठा आहे. पण तो जाणवतो मोठ्या फाइली हलवणाऱ्याला : नकाशे, ड्रॉइंग, स्कॅन केलेले दस्तऐवज, व्हिडिओ, बॅकअप. दिवसभर ब्राउझरमध्ये पोर्टल उघडून अर्ज भरणाऱ्याच्या टेबलावर १०० मेगाबिटही पुरून उरतात.

आता मोजणी. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आठवडाभराचा वेळ आणि दोन लॅपटॉप पुरतात. आठवडा असा निवडावा की त्यात सोमवारची सकाळ येईल आणि जमल्यास महिनाअखेरही, कारण तक्रारी त्याच दिवशीच्या असतात.

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क स्टेटसच्या खिडकीत ‘स्पीड’पुढे काय लिहिले आहे ते वहीत उतरवणे. १०० एमबीपीएस की १ जीबीपीएस? गेल्या दहा-बारा वर्षांत घेतलेल्या बहुतेक संगणकांत गिगाबिट कार्ड असते. तिथे १०० दिसत असेल तर जुना स्विच, खराब केबल किंवा मध्ये बसलेला आयपी फोन (नेटवर्कवर चालणारा टेबलावरचा फोन) यांपैकी काहीतरी कारण आहे. आयपी फोनच्या मागून संगणकाला केबल देण्याची सोय असते, पण बऱ्याच जुन्या फोनमधला तो पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो. असे टेबल असेल तर रॅकमध्ये कितीही भारी स्विच लावा, संगणक १०० वरच राहणार.

दुसरी पायरी आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या मोफत साधनाची. गिगाबिट कार्ड असलेला एक लॅपटॉप सर्व्हर रूममधल्या मुख्य स्विचला लावून त्यावर ते ‘सर्व्हर’ म्हणून चालू ठेवायचे, दुसरा लॅपटॉप एकेका टेबलाच्या पॉइंटला (भिंतीतल्या नेटवर्कच्या जॅकला) लावून ३० सेकंदांची चाचणी घ्यायची, आधी जाताना आणि मग उलट दिशेने. गिगाबिट जोडणी ठीक असेल तर आकडा ९४०च्या आसपास येतो, १०० मेगाबिटला ९४. ९४०च्या जागी ३००–४०० आले तर आधी लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस आणि कार्डाचा ड्रायव्हर तपासावा. एका दिशेने ९४ आणि दुसऱ्या दिशेने ५-१० असा विचित्र आकडा आला तर बहुधा ‘डुप्लेक्स’चा, म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलायचे (फुल) की आळीपाळीने (हाफ) याचा, घोळ असतो. कधीतरी कुणीतरी स्विचचा पोर्ट हाताने ‘१०० फुल’वर बांधून ठेवलेला असतो आणि संगणक ‘ऑटो’वर असतो. ऑटोवाल्या बाजूला समोरून काही कळत नाही, ती नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्सवर जाते, आणि थोडा भार आला की टकरा सुरू होतात. पिंग (समोरून उत्तर येते का ते पाहणारा छोटा संदेश) मात्र व्यवस्थित चालतो, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवल्या की मिटते. पैसा खर्च होत नाही.

तिसरी पायरी स्विचच्या अपलिंकची, म्हणजे एका मजल्याचा स्विच मुख्य स्विचला जिथे जोडला आहे त्या पोर्टची. मॅनेज्ड (म्हणजे आतले आकडे आणि सेटिंग पाहता येणारा) स्विच असेल तर एसएनएमपी या आकडे विचारण्याच्या पद्धतीने दर मिनिटाची नोंद घेता येते. लिब्रेएनएमएस, कॅक्टी अशी मोफत साधने आहेत. नेहमीची पद्धत पाच मिनिटांच्या सरासरीची, पण ती फसवी आहे : पाच मिनिटांत वीस सेकंद पोर्ट तुडुंब भरला आणि बाकी वेळ रिकामा होता, तर आलेख सात टक्के दाखवेल आणि त्या वीस सेकंदांत सगळ्या मजल्याचे काम थांबलेले असेल. म्हणून टक्क्यांबरोबर ‘डिस्कार्ड’ (जागा नसल्याने टाकून दिलेला डेटा) आणि ‘सीआरसी एरर’ (वाटेत बिघडलेला डेटा) हे दोन आकडे बघावेत. डिस्कार्ड रोज वाढत असतील तर रस्ता अपुरा आहे. सीआरसी एरर वाढत असतील तर केबल किंवा जॅक खराब आहे आणि स्पीड वाढवण्याचा तिथे काही संबंध नाही. कामाच्या वेळेत अपलिंक नियमितपणे ७० टक्क्यांच्या वर जात असेल तर ती वाढवावी, असा माझा ठोकताळा आहे. कार्यालयात एकही मॅनेज्ड स्विच नसेल, तर पहिली खरेदी तीच, एक मुख्य स्विच. त्याशिवाय पुढचा प्रत्येक निर्णय अंदाजाने होईल.

इथे एक गोष्ट सांगणे फार गरजेचे आहे, कारण कोटेशनमध्ये ती कधीच लिहिलेली नसते. २४ पोर्टचा जुना १०० मेगाबिटचा स्विच आणि त्याला वर जायला गिगाबिटची एक अपलिंक, अशी रचना बऱ्याच ठिकाणी आहे. या रचनेत एकटा माणूस जास्तीत जास्त १०० मेगाबिट ओढू शकतो. अपलिंक भरायला किमान दहा जणांनी एकाच वेळी पूर्ण वेगाने फाइली ओढाव्या लागतात. टेबलाचा मंद पोर्ट नकळत मर्यादा घालण्याचे काम करत असतो. आता तोच स्विच काढून सगळ्यांना गिगाबिट दिले आणि अपलिंक एक गिगाबिटचीच ठेवली, तर एकाच संगणकाचा बॅकअप ती पूर्ण भरू शकतो आणि उरलेले तेवीस जण ताटकळतात. ‘नवा स्विच लावल्यापासून अधूनमधून जास्तच अडकते’ ही तक्रार अशी जन्माला येते, आणि मग नव्या स्विचला दोष दिला जातो. टेबलाचा वेग वाढवायचा असेल तर आधी वरचा रस्ता वाढवावा : १० गिगाबिटचे एसएफपी प्लस पोर्ट (मॉड्यूल बसवायच्या वेगवान खाचा) असलेला स्विच घ्यावा, किंवा किमान दोन गिगाबिट अपलिंक एकत्र बांधाव्यात. बांधलेल्या दोन लिंकमध्येही एका संगणकाचे एक काम एकाच लिंकवरून जाते, हे लक्षात ठेवावे. फायदा होतो तो अनेक जण एकदम काम करतात तेव्हा.

सीसीटीव्हीचा हिशेब तर हमखास विसरला जातो. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६४ वर (व्हिडिओचा आकार कमी करण्याची एक पद्धत) साधारण ४ मेगाबिट अखंड पाठवतो. १६ कॅमेऱ्यांचे ६४ मेगाबिट झाले. कॅमेरे एका मजल्यावर, रेकॉर्डर दुसऱ्या मजल्यावर आणि मधली जोडणी १०० मेगाबिटची असेल, तर तिच्यातले दोन तृतीयांश रात्रंदिवस कॅमेऱ्यांतच जातात. कॅमेऱ्यांना वेगळा स्विच देऊन रेकॉर्डर त्याच स्विचवर बसवला तर कार्यालयाचा भार तेवढा उतरतो.

सर्व्हरची डिस्क हा पुढचा मुद्दा. एका जुन्या संगणकालाच ‘सर्व्हर’ म्हणून ठेवलेले असते आणि त्यात ७२०० आरपीएमची फिरती हार्ड डिस्क. एकच मोठी फाइल वाचताना ती सेकंदाला १०० ते १५० मेगाबाइट देते, म्हणजे गिगाबिटला पुरेशी. पण दहा जण दहा ठिकाणच्या छोट्या नोंदी एकदम मागू लागले की तिचे डोके नुसते इकडून तिकडे धावते. सेकंदाला ७५ ते १०० वेळाच ती नवीन जागा गाठू शकते आणि हातात पडणारा वेग मेगाबाइटभरावर येतो. ओळखायचे कसे? सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडून ठेवा. तक्रार येते त्या क्षणी डिस्क १०० टक्क्यांवर आणि नेटवर्क पाच टक्क्यांवर असेल, तर स्विच बदलू नका. एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवा. अख्ख्या कार्यालयाची केबल बदलण्यापेक्षा हे फार स्वस्त आहे आणि एका संध्याकाळी होते. अर्थात आधी बॅकअप घेऊन, आणि तो बॅकअप उघडतो आहे हे तपासून.

हिशेबाची सॉफ्टवेअर शेअर केलेल्या फोल्डरमधून चालवली जातात, तिथे अडचण आणखी वेगळी असते. डेटा थोडा, पण मागण्या हजारोंनी. प्रत्येक मागणी सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर आल्यावरच पुढची निघते. एका इमारतीत ही फेरी एक मिलिसेकंदाच्याही आत होते, म्हणून चालून जाते. चंद्रपूर किंवा गोंदियाच्या शाखेतून व्हीपीएनवर (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कशी खासगी जोडणी) तोच फोल्डर उघडला आणि फेरीला समजा ३० मिलिसेकंद लागत असतील, तर २००० फेऱ्यांना पूर्ण एक मिनिट जाते. लाइन ५० मेगाबिटची असो की ५०० ची, मिनिट मिनिटच राहते. अशा शाखांना रिमोट डेस्कटॉप द्यावा. सॉफ्टवेअर आणि डेटा नागपुरातच शेजारी-शेजारी राहतात आणि तारेवरून फक्त पडद्यावरचे चित्र जाते.

आता केबल. सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते.

१०० मेगाबिटला केबलच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही तारा लागतात. जुन्या कार्यालयांत अनेक पॉइंटना चारच तारा क्रिम्प केलेल्या (कनेक्टरमध्ये दाबून बसवलेल्या) असतात, किंवा एकाच केबलमधून दोन-दोन जोड्या काढून दोन संगणक चालवलेले असतात. जुन्या स्विचवर हे निर्धोक चालते. नवा गिगाबिट स्विच लावला की दोन्ही टोके पहिल्या दोन जोड्यांवरून बोलून ‘आपण गिगाबिटवर जाऊ’ असे ठरवतात, मग उरलेल्या जोड्या सापडत नाहीत आणि जोडणी लागते-तुटते, लागते-तुटते. काही कार्डे स्वतःहून १०० वर उतरतात, काही उतरत नाहीत आणि तो संगणक बंदच पडतो. म्हणून स्विच बदलण्याच्या आधी प्रत्येक पॉइंटच्या आठही तारा तपासणे हे काम बिनशर्त करावे.

त्या तपासणीतही एक खाच आहे. दिवे लागणारा छोटा टेस्टर फक्त तार तुटली आहे की नाही एवढेच सांगतो. जोडीतल्या दोन तारा वेगवेगळ्या जोड्यांत विभागल्या गेल्या असतील तर ते त्याला कळत नाही. नवखा माणूस सोपे म्हणून चारही जोड्या ओळीने लावतो : केशरीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची, तपकिरी. दोन्ही टोकांना तसेच केले की टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात आणि काम पास होते. पण पिन ३ आणि ६ वर एका जोडीच्या दोन तारा यायला हव्यात, त्या आता दोन वेगळ्या जोड्यांच्या आलेल्या असतात. पीळ एकमेकांचा गोंगाट मारत नाही आणि वेग वाढला की डेटा गळायला लागतो. बरोबर क्रम असा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकपाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. केबल ओढताना ११ किलोपेक्षा जास्त जोर लावू नये आणि वळण केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान त्रिज्येचे असू नये. कंत्राटदाराकडून दिव्यांच्या टेस्टरचा शेरा घेऊ नका. सर्टिफिकेशन यंत्राचा प्रत्येक पॉइंटचा छापील अहवाल मागा. त्यात लांबी, क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत शिरणे) आणि क्षीणन (सिग्नल कमजोर होणे) हे तिन्ही असतात.

केबल तांब्याचीच आहे का, हेही पाहावे लागते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल ‘कॅट सिक्स’ (केबलचा एक दर्जा) असे छापून सर्रास विकली जाते. ती मानकात बसत नाही, क्रिम्प करताना तुटते, आणि पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज देऊन) कॅमेरे किंवा वायफाय चालवले की गरम होते. तार ब्लेडने खरवडली आणि आतून पांढरट निघाली तर बॉक्स परत पाठवावा. खात्री हवी असेल तर ३०५ मीटरच्या न कापलेल्या बॉक्सचे दोन्ही शेवट बाहेर काढा, एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. अस्सल तांब्याची केबल ५७ ओहमच्या आत येते. मुलाम्याची तिच्या जवळपास दीडपट दाखवते. हे पाच मिनिटांचे काम माल स्वीकारतानाच करावे, केबल भिंतीत गेल्यावर उपयोग नाही.

जुनी केबल अस्सल तांब्याची कॅट ५ई असेल आणि चाचणीत पास होत असेल, तर ती उपटू नका. १०० मीटरपर्यंत तिच्यावर गिगाबिट चालते. ते मानक १९९९ चे आहे आणि अशाच केबलसाठी बनले. २०१६ च्या मानकानुसार २.५ गिगाबिटही तिच्यावर जाते. नवी टाकायची असेल तर कॅट ६ टाका. १० गिगाबिट तिच्यावर सुमारे ५५ मीटरपर्यंतच चालते, पूर्ण १०० मीटरला कॅट ६ए लागते. ती जाड असते, महाग असते, टेबलापर्यंत नेण्याची गरज मला दिसत नाही. किती बॉक्स लागतील याचा हिशेब कोटेशनशी ताडून पाहावा : ४० पॉइंट, सरासरी ३५ मीटर, म्हणजे १४०० मीटर. पाच बॉक्स झाले, तुकडे वाया जातात म्हणून सहा. कोटेशनमध्ये दहा दिसले तर कारण विचारा.

नागपूरकरांनी एक गोष्ट इतरांपेक्षा जास्त ध्यानात ठेवायला हवी, ती म्हणजे उष्णता. २३ मे २०१३ रोजी आपल्या शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. तांब्याच्या केबलचे सगळे आकडे मात्र २० अंशांना मोजलेले असतात. तापमान वाढले की सिग्नल जास्त क्षीण होतो. मानकाच्या तक्त्याप्रमाणे भिंतीतल्या केबलची ९० मीटरची मर्यादा ४० अंशांना ८४ मीटर आणि ६० अंशांना ७५ मीटर होते. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या टिनाच्या शेडमध्ये, छताखालून नेलेल्या केबलला मे महिन्यात ६० अंश सहज भेटतात. डिसेंबरात ८८ मीटरची केबल पास होते आणि मेच्या दुपारी दोन वाजता ‘सर्व्हर जातो’ याचे कारण पुष्कळदा हेच. अशा ठिकाणी लांबी ७० मीटरच्या आत ठेवा, केबल छतावरून न नेता भिंतीच्या कडेने खाली न्या, किंवा मधे फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाका.

स्विचचेही तसेच. छोटे स्विच बहुधा ४० अंशांपर्यंतच चालतील असे त्यांच्या कागदावर लिहिलेले असते. ते माळ्यावर, बंद लाकडी खोक्यात ठेवले की आतले तापमान त्यापलीकडे जाते आणि ते न सांगता स्वतःला रीस्टार्ट करत बसतात. कूलरसमोर रॅक ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही. ओलसर हवा आणि धूळ मिळून जॅकच्या पिनांवर थर धरतो आणि पावसाळ्यात सीआरसी एरर वाढतात. रॅक एसीच्या खोलीत, किंवा निदान तळमजल्यावर सावलीच्या भिंतीला, दोन पंख्यांसह असावा. दोन इमारतींमधली जोडणी तांब्याची असेल तर वेगाचा प्रश्न नसला तरी ती बदला. एप्रिल-मेच्या वादळात जवळ वीज पडली की अशा तारेवरून दोन्ही टोकांचे स्विच एकदम जातात. सिंगल मोड फायबरवरून वीज जात नाही, आणि पुढे १० गिगाबिट करायचे झाले तर फक्त टोकाचे मॉड्यूल बदलावे लागतात. फायबर बाहेरून न्यायची असल्यास आत लोखंडी कवच नसलेली घ्यावी, नाहीतर ते कवच अर्थ करावे लागते.

इंटरनेटचा प्लॅन वाढवण्याआधी तीन गोष्टी बघा. राउटरचा बाहेरचा पोर्ट १०० मेगाबिटचा आहे का? स्वस्त राउटरमध्ये तो तसाच असतो, आणि मग २०० किंवा ३०० मेगाबिटचा प्लॅन घेऊनही हातात ९४च येतात. फायबरच्या डब्यावर चार पोर्ट असतील तर त्यातला गिगाबिट कोणता, हेही तपासा. अनेक डब्यांत तो एकच असतो. दुसरे, फायरवॉलची (येणारी-जाणारी वाहतूक तपासणाऱ्या यंत्राची) क्षमता : जाहिरातीतला आकडा साध्या वाहतुकीचा असतो, व्हायरस तपासणी आणि वेब फिल्टर चालू केले की तो बराच खाली येतो. तपासणी चालू असतानाचा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्या. तिसरे अपलोडचे. क्लाउडवर बॅकअप जात असेल आणि अपलोड तुडुंब भरला तर डाउनलोड रिकामा असूनही सगळे मंदावते, कारण जाणाऱ्या विनंत्याच रांगेत अडकतात. कामाच्या वेळी दोनशे वेळा पिंग करून पाहा. एरवी १०-१५ मिलिसेकंद असणारे उत्तर ३००-४०० वर जात असेल तर बॅकअप रात्री आठनंतर लावा आणि राउटरवर अपलोडची मर्यादा लाइनच्या ९० टक्क्यांवर बांधा. व्हिडिओ बैठकीला दोन्ही दिशांनी प्रत्येकी दोन ते चार मेगाबिट धरावेत. दहा जण एकदम बसणार असतील तर ४० मेगाबिट अपलोड हवा. एखादे पोर्टल आधी काही सेकंद कोरे राहते आणि मग झटकन उघडते, असे होत असेल तर दोष बहुधा डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा) असतो, वेगाचा नसतो.

वायफायबद्दल थोडेच. सीताबर्डी किंवा सदरमधल्या व्यापारी इमारतींत २.४ गिगाहर्ट्‌झवर इतकी गर्दी आहे की त्यावर भरवसा ठेवू नये. १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल, २० मेगाहर्ट्‌झ रुंदी आणि शक्य तेवढी सगळी उपकरणे ५ गिगाहर्ट्‌झवर. ज्याचे टेबल हलत नाही त्याला केबल द्या. वायफायवरच्या तक्रारीसाठी टेबलांची केबल बदलणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि मलम दुसरीकडे.

मग ‘सगळ्यांना’ द्यायचे का? माझे मत स्पष्ट आहे. नवा स्विच घ्यायचाच असेल तर तो गिगाबिटचाच घ्यावा, सगळ्या पोर्टांना. आता १०० मेगाबिटचा स्विच घेऊन काही वाचत नाही, आणि विभागाविभागांत कुणाला वेगवान, कुणाला मंद असा भेद केला की तक्रारींचा निवाडा करण्यातच वेळ जातो. पण चालू स्थितीतले स्विच केवळ सगळ्यांना एकसारखे हवे म्हणून काढू नयेत. क्रम असा ठेवावा : आधी खराब पॉइंट दुरुस्त, मग सर्व्हरची डिस्क, मग मुख्य स्विच आणि अपलिंक, मग मोठ्या फाइली हाताळणारा विभाग, आणि उरलेली टेबले शेवटी. मोजणीत दोष या क्रमातल्या फक्त पहिल्या दोन गोष्टींत सापडला तर तिथेच थांबावे. प्रिंटर आणि हजेरीची बायोमेट्रिक यंत्रे १०० मेगाबिटवरच राहू द्या, त्यांना पुरते. यातली काही यंत्रे १० मेगाबिटवरही असतात, आणि काही नवे मल्टिगिग (एक गिगाबिटहून जास्त वेगाचे) पोर्ट इतक्या खाली उतरतच नाहीत. म्हणून बदलाच्या दिवशी हजेरी बंद पडू नये यासाठी त्यांना साधा गिगाबिट पोर्टच द्यावा.

प्रत्यक्ष बदल शनिवारी दुपारी सुरू करावा. त्याआधी सहा-आठ जणांच्या एका विभागावर दोन आठवडे प्रयोग करून पाहावा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवा, कोणता पोर्ट कुठे जातो याचा तक्ता लिहा, जुन्या स्विचची कॉन्फिगरेशन फाइल काढून ठेवा. नव्या स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क) आणि लूप प्रोटेक्शन (केबल फिरून त्याच नेटवर्कला लागली तर बचाव) आधीच टेबलावर बसवून तपासा. टेबलाखालचे पाच पोर्टचे स्विच या निमित्ताने काढून टाका, कारण त्यातल्या एखाद्यात सफाईच्या वेळी एकाच केबलची दोन्ही टोके लावली गेली की अख्खे कार्यालय ठप्प होते. जुना स्विच पंधरा दिवस रॅकमध्येच, बंद करून, ठेवा. आणि टिनाच्या शेडमध्ये मेमध्ये काम काढावेच लागले तर माणसांना सकाळी सहा ते दहा एवढ्याच वेळेत वर चढवा. दुपारी त्या छताखाली जिवाला धोका असतो, आणि घामेजल्या हाताने केलेले क्रिम्पिंगही टिकत नाही.

शेवटचे, पैसे देण्याबाबत. निविदेत चार अटी लिहाव्यात : केबल पूर्ण तांब्याची, प्रत्येक पॉइंटचा सर्टिफिकेशन अहवाल, स्विच ५० अंशांपर्यंत चालणारे, आणि काम झाल्यावर पहिल्याच आठवड्यासारखी मोजणी त्याच टेबलांवर, त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा. बिलाचे शेवटचे दहा टक्के या दुसऱ्या मोजणीनंतर द्यावेत, आणि दोन्ही मोजण्यांचे कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवून ठेवावेत. पुढच्या एप्रिलमध्ये प्रस्ताव आला की आधी ते दार उघडायचे.

आपला,
नेटवर्क उभारणीच्या क्षेत्रात काम करणारा एक वाचक,
नागपूर